मंगळवारी धुतलेला सांगाडा

गाडी धुतलेली दिसली आणि कुलदीप शेडच्या दारातच थांबला.

धुतलेली गाडी बघून शहाण्या माणसाला बरं वाटतं. पण ही गाडी दोघांची होती, निम्मी कुलदीपची आणि निम्मी सादची, आणि दोघांत एक नियम होता. जो चालवून आणील त्यानं धुवायची नाही, चिखलमातीसकट तशीच शेडमध्ये लावायची. धुवायची ती दुसऱ्यानं. नियम घालून दिला होता सादच्या वडिलांनी, खाजामियाँनी. त्यांनी उभी हयात ट्रक चालवला होता आणि त्यांचं म्हणणं असं, की चालवणाराच गाडी धुवायला बसला तर चिखलाबरोबर स्वतःची चूकही धुऊन मोकळा होतो. कुठला पाइप चेपला, कुठून ऑइल गळतंय, ते दुसऱ्याच्याच हाताला लागतं. दोघांनी हा नियम आजवर एकदाही मोडला नव्हता.

रविवारी डोंगरात साद चालवत होता, म्हणून सोमवारी सकाळी कुलदीपनं गाडी धुतली. मंगळवारी तो नेहमीप्रमाणं आपल्या खताच्या दुकानाचा माल आणायला धाराशिवला गेला. संध्याकाळी तेरला परत येऊन बघतो तर गाडी पुन्हा धुतलेली, खालची जमीन अजून ओली. आदल्या दिवशी धुतलेली गाडी कोण कशाला धुवेल? बाहेर काढल्याशिवाय नाही. आणि काढल्याचं लपवायचं असल्याशिवाय तर नाहीच नाही.

गाडी म्हणजे तरी काय, लोखंडी पाइपांचा पिंजरा. सादचं बसस्टँडमागं वेल्डिंगचं दुकान. तिथंच दोघांनी मिळून ती उभी केली होती. इंजिन भंगारात गेलेल्या व्हॅनचं, मागची चाकं थोराड, पुढची किरकोळ, दारं नाहीत, छप्पर नाही, बसायला दोनच सीट. पहिल्यांदा चौकात आणली तेव्हा दोघं मोठ्या ऐटीत ‘बग्गी’ म्हणाले, तर लोक विचारायला लागले, घोडं कुठंय आणि नवरदेव कोण. शेवटी गावानंच तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं सांगाडा. पण ट्रॅक्टरवाला जिथं खाली उतरून आधी वाट बघून येतो, तिथून हा सांगाडा दगड उडवत वर चढायचा. आठवडाभर खताच्या पोत्यांत आणि उधारीवाल्यांत बसलेल्या कुलदीपला रविवारी तेवढ्यासाठीच जिवंत असल्यासारखं वाटायचं.

तो सीटवर बसला तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढं सरकवलेली होती. साद त्याच्यापेक्षा उंच, त्याची सीट कायम मागं. म्हणजे चालवणारं माणूस बुटकं होतं. कुलदीपनं मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. पाण्याचा पाइप तिथवर पोचत नाही हे धुणाऱ्याला ठाऊक नव्हतं, नाहीतर त्याला घाई होती. बोटाला काळी चिकट माती लागली आणि तिच्यात उसाच्या पाचटाचा तुकडा. डोंगरात मुरूम, तांबडा. काळी माती आणि ऊस म्हणजे तेरणाकाठ. तिकडं हे दोघं कधीच जात नसत. सपाट रानात काय चालवायचं?

मग सीटच्या फटीत ती वस्तू सापडली. केसांत खोवायचा काळा आकडा, बायका अंबाड्याला लावतात तसला.

साद दुकानात गेटची फ्रेम जोडत होता. कुलदीपनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “गाडी काढलती का रे आज?”

“न्हाय बा,” साद चष्मा न काढताच म्हणाला. “दुकानावरच हाय सकाळपास्न.”

“धुतलेली दिसली.”

“धूळ बसलती. मारलं जरा पाणी.”

एवढं बोलून सादनं पुन्हा ठिणग्या उडवायला सुरुवात केली. चौथीपासूनची दोस्ती. साद खोटं बोलायला लागला की त्याला हाताला काम लागतं, हे कुलदीपइतकं त्याच्या आईलाही ठाऊक नसेल. आकडा खिशात होता. तो तिथंच काढून समोर धरला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण संशय आलेल्या माणसाला विचारायचं नसतं, पकडायचं असतं. कुलदीप गप घरी आला.

घरात माणसं तीन. कुलदीप, त्याची आई द्वारकाबाई आणि धाकटी बहीण वैष्णवी. वडील जाऊन चार वर्षं झालेली, त्यामुळं कुलदीप वयाआधीच घरातला कर्ता झाला होता आणि त्याचा त्याला थोडा मोठेपणाही होता. वैष्णवी बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षेच्या मागं लागली होती. दुपारी जेवली की दप्तर घेऊन अभ्यासिकेत जायची, ती दिवेलागणीला परत.

हातपाय धुवायला गेलेल्या कुलदीपची नजर मोरीजवळच्या आरशाच्या फळीवर गेली. तिथं डबीत आकडे होते. काळे, तसलेच. खिशातला काढून त्यानं शेजारी धरून बघितला. फरक नव्हता.

त्या क्षणी त्याला जे वाटलं ते वाटायला नको होतं, हे त्याला कळत होतं. साद त्यांच्या घरात वाढलेला. वैष्णवीला सायकल त्यानं शिकवली, दहावीला तिचा नंबर परगावी लागला तेव्हा त्यानंच तिला नेलं-आणलं. असलं काही दुसऱ्या कुणी बोललं असतं तर कुलदीपनं त्याची कॉलर धरली असती. आता तेच आपल्या डोक्यात आलंय म्हटल्यावर त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, आणि राग आला म्हणून संशय आणखी खरा वाटायला लागला. आरशातल्या स्वतःकडं न बघता त्यानं डबी बंद केली.

रात्री जेवताना तो वैष्णवीला म्हणाला, “दुपारी कुठं व्हतीस?”

“कुठं म्हंजे? अभ्यासिकेत.”

“दिवसभर?”

“मधी अभ्यासिकेतल्या ज्ञानेश्वरीसंगं झेरॉक्सला गेलते. का रे?”

“काय न्हाय.”

“त्याला भाकर वाढ गं,” आई म्हणाली. “पोटात काय नसलं की चौकशा सुचतेत.”

वैष्णवी हसली. कुलदीपला ते हसणंही तपासून बघावंसं वाटलं.

त्या रविवारी दोघं नेहमीप्रमाणं डोंगराकडं गेले. या वेळी स्टिअरिंग कुलदीपच्या हातात होतं. मार्च संपत आलेला, बालाघाटाच्या उतारावरचं गवत वाळून गेलेलं, वाटेवर नुसते दगड आणि फुफाटा. कुलदीप एरवी जपून चालवायचा. चढाआधी गिअर पाडायचा, मोठा धोंडा आला की चाक त्याच्यावर घालायचा, दोन्ही चाकांच्या मधे कधी घ्यायचा नाही. त्या दिवशी त्यानं सांगाडा कोरड्या ओढ्यात सरळ वरून घातला. पुढची चाकं आदळली, साद पट्ट्यासकट उचलला गेला आणि त्याचं डोकं पाइपला लागलं.

“अरे यार! मारतोस का काय?”

“भ्याला?”

“भ्यायचं काय त्यात? स्प्रिंगचा पाटा तुटंल ना.”

पुढं खडी चढण होती. कुलदीपनं रेस दिली, मागची चाकं मुरुमात फिरली, गाडी तिरकी होऊन दरीकडं सरकली. साद ओरडला नाही. त्यानं फक्त हात लांब करून स्टिअरिंगला हलका आधार दिला, जसा तो नेहमी द्यायचा, आणि म्हणाला, “सोड रेस. सोड. आता हळू घे.” गाडी सरळ झाली. वर माथ्यावर पोचल्यावर इंजिन बंद करून दोघं बसले. खाली तेरणेची हिरवी पट्टी दिसत होती, लांबवर ढोकीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग.

“नदीकडं न्ह्यावी का एकदा गाडी?” कुलदीप तिकडं बघत म्हणाला.

सादच्या हाताला काम नव्हतं म्हणून त्यानं पट्ट्याचं बक्कल उघडलं, बंद केलं, उघडलं.

“तिकडं काय हाय?” तो म्हणाला. “नुसती चिकणमाती.”

कुलदीपनं मान हलवली. बक्कल वाजलेलं त्यानं ऐकलं होतं.

आता नदीकडच्या गाडीवाटेच्या तोंडावर रामकिसनचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी आणि एक शेगडी. चहापेक्षा तिथं बातम्या जास्त उकळतात. सोमवारी कुलदीप तिथं जाऊन बसला. काही विचारावं लागलं नाही.

“सांगाडा लई पळायलाय की मंगळवारचा,” रामकिसन गाळणी झटकत म्हणाला.

“कुठं?”

“तुला ठाव न्हाय? नदीकडं की. तीन-चार मंगळवार झाले. साद असतो, आन शेजारी एक बाई. तोंडाला फडकं बांधलेलं.”

“कोण बाई?”

“आता फडक्याआडलं म्या कसं सांगू बाबा?” त्यानं आवाज उतरवला. “पर गावातलीच असावी. बाहिरची असती तर तोंड कशाला झाकलं असतं? जमाना कसला चाललाय, मोबाइलात बघतोसच की. आपलं काय, आपुन चहा विकावा.”

चहाचे पैसे बाकावर ठेवून कुलदीप उठला. मंगळवार म्हणजे तो गावात नसतो तो वार. हे सादला ठाऊक, आणि घरच्यांना ठाऊक. बाकी कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा निघाला. आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “उशीर व्हईल का रे तुला?” वैष्णवी आतून म्हणाली, “दादा, निळ्या शाईचे पेन आण.” दोघींनी आपल्याला घालवायची घाई केली असं त्याला वाटलं. तो एसटीत बसला, पुढच्या फाट्यावर उतरला आणि झाडाखाली उन्हं वर येईपर्यंत बसून राहिला. मग उलटा चालत आला. जेवणवेळ टळल्यावर तो शेडमध्ये शिरला. गाडी नव्हती.

भिंतीला चाक खोलायची लोखंडी टॉमी टेकवून ठेवलेली होती. ती त्यानं उचलली. कशाला, म्हणून कुणी विचारलं असतं तर रानातल्या कुत्र्यांसाठी म्हणाला असता. अभ्यासिकेवरून जाताना त्यानं खिडकीतून डोकावलं. वैष्णवीच्या जागेवर दप्तर होतं, वैष्णवी नव्हती. एखादी पोरगी पाणी प्यायला उठू शकते, ही साधी गोष्ट त्या वेळी त्याच्या मनात आली नाही.

नदीच्या वाटेवर फुफाटा घोटाभर होता आणि त्यात सांगाड्याची चाकं स्वच्छ उमटली होती. मागच्या टायरचे जाड आडवे पट्टे तो झोपेतही ओळखला असता. वाट उसाच्या दोन फडांमधून गेली होती. दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस, वारं नाही, आणि आत कुठंतरी सळसळ. कोण बघणार इथं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं टॉमी या हातातून त्या हातात घेतली. मग इंजिनाचा आवाज आला. वाढला, गुरगुरला, बंद पडला. बाईचं हसणं ऐकू आलं, फडक्यातून आल्यासारखं दबलेलं. कुलदीप पळायला लागला.

ऊस संपला तिथं एक तोडणी झालेलं रिकामं रान होतं. ते कुलदीपच्या घरचंच होतं, हे धावण्याच्या भरात त्याला बांधावर पाय पडल्यावर कळलं. रानाच्या मधोमध सांगाडा उभा होता. डाव्या सीटवर साद, आणि स्टिअरिंगवर, पदर कमरेला खोचून, तोंडाचं फडकं हनुवटीखाली ओढून, द्वारकाबाई.

“क्लच मावशी, क्लच! हळू सोडा, एकदम न्हाय.”

“ह्यो मेला क्लच माझ्या पायाला गावतच न्हाय बघ,” आई म्हणाली, आणि गाडी एक आचका देऊन पुन्हा बंद पडली. तिच्या अंबाड्यातून आकडा निसटून मानेवर लोंबत होता. गावातल्या कुठल्या रानाची माती कुठली हे बोटानं सांगणाऱ्या कुलदीपला, आपल्या घरात अंबाडा घालणारी बाई एकच आहे आणि ती वैष्णवी नव्हे, हे सुचलं नव्हतं.

आईनं त्याला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखी जीभ चावली. मग तिला हसू आलं.

“आला का! म्या म्हणलंच व्हतं सादला, एक दिवस ह्यो गाठणार. हास आता काय हासायचं त्ये.”

“आई, तू?”

“मग काय करू? तुझा बाप गेल्यापास्न ह्ये रान म्या दोनदा बघितलं. गुडघं चालू देत न्हाईत, मोटरसायकलवर बसवत न्हाय. तुला म्हणलं की, बघू आई, नेतो आई. डोंगर बघायला तुला येळ हाय.” ती रागानं बोलत नव्हती, त्यामुळं ते जास्त लागलं. “म्हणून सादला म्हणलं, बाबा, मला न्हेऊ नको. मला शिकीव. आन शिकूस्तवर ह्याला बोलायचं न्हाय, शपथ घे. गाव हासंल, पर आधी ह्यो हासंल.”

“आन नियम मोडला न्हाय म्या,” साद खाली उतरत हसत म्हणाला. “चालवली मावशीनं, धुतली म्या.”

एवढं बोलून त्याची नजर कुलदीपच्या हाताकडं गेली. घामानं भिजलेल्या मुठीत टॉमी होती.

“टॉमी कशाला आणलीस?” त्यानं विचारलं. “चाकं तर शाबूत हाईत.”

कुलदीपनं टॉमी पाठीमागं नेली. त्यापेक्षा ती तिथंच टाकून दिली असती तरी चाललं असतं.

साद त्याच्याकडं बघत राहिला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त आता त्याला काही आधार नव्हता. त्यानं मागं वळून उसाच्या वाटेकडं बघितलं, कुलदीपच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. हिशोब जुळवायला त्याला फार वेळ लागला नाही.

“कोण असंल वाटलं तुला?”

कुलदीपनं नजर बांधाकडं वळवली.

“रामकिसननं सांगितलं असंल, बाई व्हती म्हणून. मग तुला कोण वाटलं?” आणि मग फार हळू, जणू तो शब्द तोंडातून काढायलाच त्याला कसंतरी होत होतं, “वैष्णवी?”

आईचं हसणं तिथंच थांबलं. तिनं सादकडं बघितलं, मग पोराकडं, मग त्याच्या पाठीमागून डोकावणाऱ्या लोखंडाकडं.

“न्हाय म्हण,” ती कुलदीपला म्हणाली. “त्याला न्हाय म्हणून सांग.”

कुलदीपनं तोंड उघडलं. एक साधा शब्द होता, खोटा का होईना. चौथीपासून ओळखणाऱ्या माणसासमोर तो त्याला बोलता आला नाही.

साद थोडा वेळ पायाखालचं पाचट बुटानं सारत राहिला. मग मागच्या डाव्या चाकाजवळ बसला, ते हातानं हलवून बघितलं आणि उठला.

“ह्याचं बेअरिंग वाजायलंय,” तो म्हणाला. “बदलून घे. डोंगरात नेऊ नकोस तवर.” आईला म्हणाला, “मावशी, दुसऱ्या गिअरवर जावा. घाई करू नका. येतंय तुम्हाला.”

“अरे साद, बस की. तू कुठं चाललास?”

“दोनच सीट हाईत, मावशी.”

तो बांध ओलांडून उसाच्या वाटेला लागला. कुलदीपनं हाक मारली. साद थांबला नाही, पळालाही नाही. कामावरून घरी जाणारा माणूस चालतो तसा चालत गेला.

आईनं कुलदीपला “बस” म्हटलं. तो बसला. तिनं क्लच दाबला, चावी फिरवली, गाडी दोनदा आचकली आणि तिसऱ्यांदा चालायला लागली. वाटेत चढ आला, दगड आला, एकदा चाक पाटात गेलं. काय करू म्हणून तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. रामकिसनच्या हॉटेलासमोरून सांगाडा गेला तेव्हा बाकावरची माणसं उभी राहिली. आईनं फडकं वर ओढलं नाही. कुलदीपच्या मनात आलं, ते आपण आपल्या तोंडावर ओढून घ्यावं.

गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी हळू केली. मग समोर बघतच म्हणाली, “घरात यातलं काय बोलू नको. तिला अजून तू भाऊ वाटतोस.”

दारात गाडी थांबली तो आवाज ऐकून वैष्णवी बाहेर आली. ती आज लवकरच अभ्यासिकेतून आली असावी, खांद्यावर दप्तर होतं. आईला स्टिअरिंगवर बघून तिचे डोळे मोठे झाले, मग ती टाळ्या वाजवत नाचायलाच लागली. शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या.

“आई! अगं आई! दादा, तू शिकवलंस?”

“सादनं,” कुलदीप म्हणाला.

“मग कुठाय त्यो? असा कसा सोडलास त्याला, चहाला तरी आणायचंस की.”

आई एक हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू खाली उतरली आणि घरात गेली. वैष्णवी कुलदीपकडं बघत उभी होती, उत्तराची वाट बघत.